पडवीच्या दारावरची वायर

दवनीवाडा
२९ ऑक्टोबर २०२५

केवळराम,

वर आशीर्वाद लिहायचा की नुसतं नाव, यात माझी दहा मिनिटं गेली. शेवटी नुसतं नाव लिहिलं. दोन वर्षांनी पत्र आलं म्हणून दादा नरमला असं समजू नको. काम आहे म्हणून लिहितो. तुझ्या फोनवर माझा नंबर लागत नाही, तुझ्या वहिनीचाही लागत नाही, आणि लोकांचा फोन मागून सख्ख्या भावाला गाठणं मला शोभणार नाही. पोस्ट अजून सुरू आहे, हे बरं आहे. कोहमाऱ्याला राहतोस एवढं ऐकून आहे, त्याच पत्त्यावर टाकतो.

काम असं की घरातलं नेट बिघडलं आहे. ते तूच बसवलं होतंस. डब्बा तू लावलास तिथेच आहे, मधल्या खोलीत, कॅलेंडरच्या खाली. त्याचा एक दिवा मध्येच लाल होऊन लुकलुकतो आणि सगळं बंद पडतं. कधी दोन मिनिटं, कधी अर्धा तास. मग कोणी हात न लावता पुन्हा हिरवा होतो. मी तो डब्बा इतक्या वेळा बंद-चालू केला की त्याचं बटण ढिलं झालं. कंपनीच्या नंबरवर फोन केला तर एक मुलगी म्हणाली, "सर, एक बार रीस्टार्ट करके देखिए." मी म्हटलं, बाई, सकाळपासून तेच करतो आहे. तिनं माझे आभार मानले.

तुझ्या जागेवर आता गोंदियाचा गुड्डू म्हणून फिटर आहे. दोनदा आला, दोन्ही वेळा संध्याकाळी. यंत्र लावून पाहिलं आणि म्हणाला, "गुरुजी, लाइट तो एकदम बढ़िया आ रही है. आप टेंशन मत लो." चहा पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी लाल.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण १९ नोव्हेंबरला सकाळी अकराला आपल्या पोरीची, दुर्गेश्वरीची मुलाखत आहे. नागपूरची कंपनी आहे, काम घरी बसून करायचं. मोबाईलची रेंज आपल्या गल्लीत कशी आहे ते तुला माहीत आहे, गच्चीवर टाकीला टेकून उभं राहिलं की एक काडी दिसते. आणि नोकरीच घरून करायची तर घरचं नेट धड हवं.

मागची मुलाखत कशी गेली ते तुला सांगायला नको. तीन प्रश्न झाले, चौथ्याला पडदा गोठला आणि पोरगी हॅलो हॅलो करत बसली. परसातल्या भिंतीवरून आपलं भांडण झालं होतं, त्या रागात तू वायर काढलीस. हे मी तेव्हा म्हणालो आणि आजही म्हणतो. कंपनीनं तुला कामावरून काढलं त्यात माझा काही हात नव्हता, एवढं मात्र लक्षात ठेव.

लाल दिव्याचा अर्थ काय आणि काय करायचं, एवढंच लिही. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

शालीकराम


९ नोव्हेंबर

केवळराम,

उत्तर मिळालं. त्याला पत्र म्हणवत नाही. दुकानाच्या छापील कार्डामागे चार ओळी. त्यावरून कळलं की कोहमाऱ्याला फाट्यावर तू मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं आहेस. ढाब्यावर थांबणारे ट्रकवाले गिऱ्हाईक असतील. असो.

तू लिहिलंस, "डब्बा सोड. लाल लाइट म्हणजे वायरमधून उजेड येऊन नाही राहिला. वायरच्या आत काच हाय, केसाएवढी. मुरडली का उजेड अडते. केव्हा केव्हा जाते ते लिहून ठेव. वहिनीले नमस्कार."

बाकी काही लिहू नको म्हटलं तर खरंच नाही लिहिलंस. लहानपणी इतकं ऐकत असतास तर काय हवं होतं.

मी लिहून ठेवलं. छत्तीस वर्षं हजेरीपट भरले, त्यात माझा हात कोण धरणार! वहीत उभे रकाने दिवसांचे, आडवे तासांचे, लाल दिवा दिसला की फुली. पाच दिवसांचं निरीक्षण असं: सगळ्या फुल्या सकाळी साडेसात ते साडेदहा-अकरा या वेळात. दोन-चार दुपारी चारनंतर. भर दुपारी एकही नाही, दिवस मावळल्यावर एकही नाही. गुड्डू संध्याकाळी येतो, म्हणून त्याला सगळं बढ़िया दिसतं.

मग सकाळी काय काय चालू असतं याचा शोध घेतला. परसामागच्या मंगरूला त्याच्या विहिरीवरची मोटर एक दिवस बंद ठेवायला लावली. फुल्या तेवढ्याच. शेजारच्या नंदाबाईला मिक्सर लावू नका म्हणून सांगितलं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "गुरुजी, तुमच्या डब्ब्यापायी आमी चटनी पाट्यावर वाटाची काय?" तरी बिचारीनं दोन दिवस पाट्यावर वाटली. त्यानंही फरक नाही. तुझी वहिनी शामकला म्हणते, आता फक्त कोंबड्याला आरवू नको म्हणायचं राहिलं.

बाकी घर ठीक आहे. दिवाळीला भिंती रंगवल्या, चौकटी हिरव्या केल्या. धान कापून झाला. नव्या लोंब्यांचा घोस दारावर बांधला आहे, चिमण्या गर्दी करतात. दुर्गेश्वरी रोज रात्री आरशासमोर बसून इंग्रजीत स्वतःलाच प्रश्न विचारते आणि उत्तरं देते. मी दारातून ऐकतो आणि पाय न वाजवता परत फिरतो. सत्ताविसावं लागलं आहे तिला. मागच्या खेपेनंतर वर्षभर तिनं कुठे अर्जच केला नव्हता.

पुढे काय करू ते लिही. दहा दिवस राहिले.

शालीकराम


१३ नोव्हेंबर

केवळराम,

तुझं दुसरं कार्ड आज दुपारी आलं. एकच ओळ. "पडवीच्या दारावर पाहा, चौकटीच्या वरच्या अंगाले."

ते वाचून मी खुर्चीत बसलो तो बराच वेळ उठलो नाही. शामकलानं दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. मी कार्ड तिच्यापुढे टाकलं.

वायर खांबापासून डब्ब्यापर्यंत तीस-चाळीस मीटर आहे. ती आंब्यातून येते, पत्र्याला घासते, पडवीत शिरते, दारावरून आत जाते. गुड्डू इथे उभा राहून ओळखू शकला नाही. आणि तू साठ-सत्तर किलोमीटरवर बसून, वायरकडे न पाहता, बोट ठेवून जागा सांगतोस! ती जागा तुला कशी माहीत? जिथे हात घातला ती जागा हात घालणाऱ्यालाच माहीत असते. दोन वर्षं मी मनातून थोडा तरी डळमळत होतो, खोटं कशाला सांगू. आज तूच लिहून दिलंस.

आणि तेव्हाचंही आठव. सकाळी नेट तुटलं. दुपारी मी धान खरेदी केंद्रासमोर चारचौघांत तुझं नाव घेऊन ओरडलो. दुसऱ्या दिवशी उजाडलं तर नेट सुरू! कोणी फिटर आला नाही, कोणी तक्रार केली नाही. बंद करणाराच चालू करून गेला, दुसरा अर्थ काय लावायचा? तू तेव्हा एक शब्द बोलला नाहीस. खाली मान घालून उभा राहिलास. निर्दोष माणूस असा उभा राहतो का?

उद्या सकाळी शिडी आणून बघतो. कापल्याची खूण निघाली तर ती दुर्गेश्वरीला दाखवीन. तिलाही कळू दे आपला काका काय आहे ते.

शालीकराम


१६ नोव्हेंबर

केवळ,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितो आहे. आधीची दोन फाडली. खाडाखोड दिसली तर सांभाळून घे.

परवा सकाळी आठला नंदाबाईची शिडी आणली. ती स्वतः खाली धरून उभी राहिली. शामकलाला आत डब्ब्यासमोर उभं केलं, दिवा कोणत्या रंगाचा ते ओरडून सांगायला. दिवा लालच होता. मी शिडीवर पाय ठेवला, दारावरच्या चिमण्या भुर्रकन उडाल्या, आणि आतून शामकला ओरडली, "हिरवा झाला!"

मी काहीच केलं नव्हतं. खाली उतरलो. चिमण्या परत आल्या, पाच-सहा, लोंब्यांना लटकून दाणे टिपायला लागल्या. घोस हलायला लागला. आतून आवाज आला, "लाल!"

पुन्हा वर चढलो. घोसाला तळहातानं खालून आधार दिला. हिरवा. हात काढून घोस जरा खाली ओढला. लाल. आधार दिला, हिरवा. मी हे किती वेळा केलं मला माहीत नाही. शामकला शेवटी चिडली, "का खेळ लावला हाय वो तुमी?"

केवळ, घोस वायरला बांधलेला होता. सुतळीची गाठ थेट वायरवर. दोन-अडीच किलोचा भार, वर चिमण्यांची झोंबाझोंबी, आणि वायर तिथे अशी मुरडली होती की मला पाहूनच शिसारी आली. तो घोस मी बांधला होता. या वर्षी मी, माझ्या हातानं. खिळा असायचा, तो रंगाऱ्यानं काढला असावा, म्हणून समोर जे दिसलं त्याला बांधला.

आणि मग शिडीवरच मला ते आठवलं. दोन वर्षांपूर्वीची, २१ नोव्हेंबरची सकाळ. पोरीची मुलाखत म्हणून मी लवकर अंघोळ केली होती. पहिल्या कापणीच्या लोंब्या निवडून घेतल्या होत्या. तिचं शुभ व्हावं, दारात चिमण्या याव्यात, म्हणून स्टुलावर चढून घोस बांधला होता. साडेनऊला. दहाला मुलाखत. तेव्हाही मीच. तिचा पडदा गोठला तेव्हा मी पडवीत उभा राहून चिमण्यांकडे कौतुकानं बघत होतो. मला सगळं आठवतं आहे. कोणत्या चिमणीच्या तोंडात दाणा होता तेसुद्धा.

गाठ सोडायला एक हात वर घातला. दुसऱ्यानं शिडीचा दांडा धरून ठेवला. तेव्हा मुरडीच्या शेजारी वायरवर काहीतरी जाड लागलं. हिरव्या रंगाखाली चिकटपट्टीचा वेढा. नखानं रंग खरवडला. आत तुझं अक्षर. तू प्रत्येक जोडावर बॉलपेननं तारीख घालायचास, मी त्याची थट्टा करायचो, की सही पण कर. तारीख होती २१/११/२३.

त्याच दिवशीची. मी चारचौघांत तुला नको ते बोललो, त्याच संध्याकाळी तू इथे चढून ती वायर सांधली होतीस.

खाली नंदाबाई शिडी धरून होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, "हेच शिडी नेली होती केवळरामनं. तुमी सारे पोरीले घेऊन गोंदियाले गेले होते, कंपनीले फोन कराले. त्यानं वायर जोडली, बाजूले खिरा ठोकला, आन तो घोस त्या खिऱ्याले बांधून देल्ला."

मी म्हटलं, नंदाबाई, दोन वर्षं मला सांगितलं काऊन नाही?

"त्यानंच किरिया घातली ना मले, आपली शपत देल्ली. म्हणे, दादा चार लोकाईत बोलून बसला. आता खरं सांगलं तं तो कोनाले तोंड दाखवन? आन पोरगी बापाले जलमभर माफ नाही करनार. मी लहान हाव, मले चालते."

मले चालते. केवळ, ते तीन दिवसांपासून माझ्या कानात बसलं आहे. मी जेवतो तेव्हा ऐकू येतं. तू खाली मान घालून उभा होतास तो त्या दुपारी. तेव्हा तुलाही काही माहीत नव्हतं. संध्याकाळी कळलं, आणि कळल्यावरही तू गप्प राहिलास. मी दादा कसला!

आता जे लपवलं ते सांगतो. कंपनीला तक्रार मी केली होती. गोंदियाच्या ऑफिसात जाऊन माझ्या हातानं अर्ज दिला. वळणदार अक्षरात, मुद्दे पाडून. त्यातला तिसरा मुद्दा हा होता की दुसऱ्या दिवशी नेट आपोआप सुरू झालं, यावरून दोषी कोण ते सिद्ध होते. तू आमच्यासाठी जे केलंस तेच मी तुझ्याविरुद्ध पुरावा म्हणून लावलं. आणि पहिल्या पत्रात माझा हात नव्हता असं लिहिलं. ते लिहितानाही अक्षर सरळ आलं होतं माझं.

काल दुर्गेश्वरीला सगळं सांगितलं. ती जेवत होती. ताट बाजूला सारलं आणि मला वाटलं आता ओरडेल. ती ओरडली नाही. म्हणाली, "बाबा, काका गाव सोडून जाऊन राहिले होते तवा अंगणातून मले हाक मारली. दोनदा मारली. मी दार लावून घेतलं." मग रडायला लागली ती थांबेना. मुलाखत गेली तेव्हा ती इतकी रडली नव्हती.

आज सकाळी ती म्हणाली, नेट आता नीट असलं तरी मुलाखत इथून देणार नाही, काकांकडे जाते. मी नाही म्हणालो नाही. परवा ती हे पत्र घेऊन येते आहे. तिला आत घे. मला तू कसं घ्यायचं ते तू ठरव.

शालीकराम


२० नोव्हेंबर

चिरंजीव केवळ,

काल फोनवर तू दोन वाक्यं बोललास. मी एक शब्द बोललो आणि फोन ठेवला. जे तेव्हा बोलता आलं नाही ते लिहितो.

मंगळवारी दुर्गेश्वरीला गाडीत बसवलं आणि तसाच धान खरेदी केंद्रावर गेलो. तेव्हा होती तशीच गर्दी होती. पोत्यांची रांग, काट्यापाशी हुज्जत, पानाच्या टपरीवर आठ-दहा जण. मी मध्ये उभा राहिलो आणि म्हणालो की केवळरामनं वायर काढली नव्हती, चूक माझी होती, मी त्याच्यावर खोटा आळ घेतला. दोघा-तिघांनी मान हलवली, बाकीचे आपलं बोलत राहिले.

मंगरू टपरीच्या बाकावर बसला होता. तो म्हणाला, "गुरुजी, तवा तं तुमी लय मोठ्यानं बोलले होते. आता काऊन हळू बोलून राहिले?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. खरंच ऐकू आलं नसावं. पण मला कोणीतरी कानशिलात मारल्यासारखं झालं. मी पोत्यावर चढलो, केवळ. छत्तीस वर्षं प्रार्थनेच्या वेळी जो आवाज लावायचो तो लावला. घोस कोणी बांधला, वायर कोणी जोडली, अर्ज कोणी दिला, सगळं सांगितलं. काटा थांबला. शेवटी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी हसलंही नाही. एक म्हातारा म्हणाला, "लय चांगला पोरगा होता जी." होता म्हणाला. तू मेलास की काय असं वाटून मला तिथेच रडू फुटलं.

मग गोंदियाला ऑफिसात गेलो. जुना अर्ज खोटा होता असं लिहून दिलं, पोच घेतली. तिथला साहेब म्हणाला, "अब क्या फायदा गुरुजी, उनकी जगह तो भर गई." बरोबर आहे त्याचं. माझ्या एका कागदानं तुझं काम गेलं, आणि दुसऱ्या कागदानं ते परत आलं नाही.

काल अकरा वाजता मी इथे डब्ब्यासमोर खुर्ची टाकून बसलो. पोरगी तुझ्या दुकानात, मुलाखत तुझ्या वायरवर, आणि मी इथे हिरव्या दिव्याकडे बघतो आहे! शामकला म्हणाली, "तिकडच्या मुलाखतीले इकडचा दिवा काय करते?" मला तेही कळत होतं, पण उठवेना. बारा वाजून गेले आणि घरच्या नेटवरून व्हॉट्सअ‍ॅपवर फोन वाजला. पडद्यावर तुझं नाव. ते मी कधी खोडलं नव्हतं.

तू म्हणालास, "दादा, झाला इंटरव्ह्यू. एक डाव बी नाही तुटला."

मला विचारायचं होतं की तू वेळेवर जेवतोस का, तुझ्या बायकोची, प्रेमिलाची तब्येत कशी आहे, दुकान पावसात गळतं का. मला म्हणायचं होतं की माझं चुकलं. आणि मी म्हणालो, "बरं." मागे ट्रकचा हॉर्न वाजत होता. मी फोन ठेवून दिला आणि तुझी वहिनी माझ्याकडे अशी बघत राहिली की मी पडवीत जाऊन बसलो.

माझं चुकलं, केवळ. ते "मले चालते" आता बंद कर. तुला चालत असेल, मला चालत नाही.

रविवारी सकाळच्या गाडीनं मी कोहमाऱ्याला येतो आहे. तू किंवा दुर्गेश्वरी, कोणी फाट्यावर घ्यायला येऊ नका. तुझं कार्ड मी घरीच ठेवून येईन. उतरल्यापासून प्रत्येक ढाब्यावर, प्रत्येक दुकानात विचारत येईन की केवळराम फिटरचं दुकान कुठे आहे. लोक विचारतील, तुम्ही कोण? त्यांना सांगेन, मी त्याचा मोठा भाऊ, ज्यानं खोटा आळ घेऊन त्याला गावातून घालवलं तो. एकालाही सोडणार नाही. दुपार झाली तरी होऊ दे, माझी वाट बघत जेवायचा थांबू नको.

तुझा दादा